सरांचा डावा गुडघा

गाद्यांच्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर त्या विद्यापीठाचं कार्यालय होतं. विद्यापीठ ऑनलाइन, त्यामुळे वर्ग नाहीत, बाक नाहीत, घंटा नाही. चार खोल्या, खालून येणारा कापसाचा वास आणि साहेबांच्या खुर्चीमागे भिंतीवर टांगलेला एक आलेख. त्यातली रेघ डावीकडे छताजवळ सुरू व्हायची आणि उजवीकडे जाता जाता जमिनीला टेकायची. डावीकडचे ते नाव नोंदवणारे विद्यार्थी, उजवीकडचे ते परीक्षेपर्यंत टिकलेले. साहेब म्हणजे विद्यापीठाचे संचालक. ते त्या आलेखाकडे पाठ करूनच बसायचे, पण समोर बसणाऱ्याला तो दिसायचाच.

एका सकाळी समोर ताई बसली होती. अभ्यासक्रम पडद्यावर कसा मांडायचा, कुठलं पान कशानंतर यायचं, हे ठरवणं तिचं काम. साहेब तिच्याहून वीस वर्षांनी मोठे होते, तरी सगळ्यांसारखे तेही तिला ताईच म्हणायचे.

"ताई, पोरं येतात आणि दारातूनच परत जातात. असं का?"

"त्यांना दारच सापडत नाही साहेब."

ते खरंच होतं. आत आल्या आल्या विद्यार्थ्यासमोर बटणांचा नुसता बाजार भरलेला असायचा. त्यातलं एक बटण तर नुसतंच गोल होतं. ते कशासाठी आहे हे बनवणाऱ्यालाही आठवत नव्हतं, आणि काढायची कुणाची छाती होत नव्हती.

"मग ऑनबोर्डिंग करा," साहेब म्हणाले. "नीट, गुणवत्तेच्या निकषांप्रमाणे. सांख्यिकीपासून सुरुवात करा. तिथून सगळ्यात जास्त पळतात."

ताईने घरी आल्यावर सासूबाईंना ही बातमी सांगितली. सासूबाईंनी चष्म्यावरून बघितलं.

"ऑनलाइन म्हणता आणि बोर्डिंगात ठेवता? जेवायला कोण घालणार त्यांना?"

"तसलं बोर्डिंग नाही हो आई. नवीन माणसाचं स्वागत करायचं. कुठून सुरू करायचं, कुणाला विचारायचं, शिकवणारे कोण, बरोबर कोण आहे, ते सगळं आधी समजावून द्यायचं."

"मी या घरात आले तेव्हा मला कुणी समजावलं नव्हतं," सासूबाई म्हणाल्या. "चमचे कुठे ठेवतात ते शोधायला महिना गेला."

ताईला एकदम वाटलं, कच्चं काम तपासायला याच बाई हव्यात. तिने सासूबाईंचं नाव 'शिकाऊ आजी' म्हणून नोंदवलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. पुढे ते नाव काढून टाकायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

काम मार्गी लागलं. ताईने ते गोल बटणसुद्धा काढून टाकलं, आणि जगात काहीही कोसळलं नाही. महिन्याभराने तपासणीसाठी निकषराव आले. त्यांचं खरं नाव कुणी वापरत नसे. गुणवत्तेच्या निकषांची पुस्तिका काखोटीला मारून ते विद्यापीठांमागून विद्यापीठं तपासत फिरायचे. अत्यंत सज्जन, हळू बोलणारे, कुणाला दुखवायचं नाही असे. पंचाईत तीच होती. रागीट माणसाशी भांडता तरी येतं.

"सुरुवात छान आहे," ते म्हणाले. "मार्ग स्पष्ट आहे. मदत कुठे मिळेल तेही आहे. फक्त शिक्षकांची ओळख... ती ऊबदार हवी. हाही आपल्यासारखाच माणूस आहे, असं विद्यार्थ्याला वाटायला हवं."

पडद्यावर सांख्यिकीच्या सरांची ओळख होती: 'मी सांख्यिकी शिकवतो. बावीस वर्षं शिकवतो.'

"यात माणूस कुठे आहे?" निकषरावांनी अगदी प्रेमाने विचारलं.

"बावीस वर्षं आहेत ना."

"ती भिंतीलाही होतात हो ताई."

संध्याकाळी ताई सरांच्या घरी गेली. घर दोन मजली, अरुंद, वर पुस्तकं आणि खाली स्वयंपाकघर. सर खुर्चीत ताठ बसून होते, परीक्षेला बसल्यासारखे.

"मला छंद नाही," ते म्हणाले. "आवडता रंग नाही. लहानपणी काही विशेष घडलं नाही. मी साधारण माणूस आहे, आणि साधारण म्हणजे काय ते मी तिसऱ्या धड्यात शिकवतो."

"सर, एखादी तरी गोष्ट असेलच. अगदी छोटी."

"त्यांचा गुडघा वाजतो, ते लिहा," स्वयंपाकघरातून सरांच्या बायकोचा आवाज आला.

"गुडघा ही काय ओळख झाली?" सर म्हणाले.

"तुमची आहे. जिन्यावर कोण आहे ते मला त्यावरूनच कळतं."

सरांनी थोडा वेळ विचार केला. बायकोचं म्हणणं त्यांना पुराव्याला धरून वाटलं असावं. त्यांनी लिहिलं: 'मी सांख्यिकी शिकवतो. जिना चढताना माझा डावा गुडघा वाजतो.'

दुसऱ्या दिवशी निकषरावांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "आता आला माणूस."

सत्र सुरू झालं. नियम सोपा होता. प्रत्येकाने आपली ओळख लिहायची, सरांच्या ओळखीखाली दोन शब्द लिहायचे, की पहिल्या धड्याचं दार उघडणार. दार उघडत होतं. अगदी व्यवस्थित. पण आत कुणी जाईना.

सगळे गुडघ्यापाशी थांबले होते.

पोहायला शिकवणाऱ्या एकीने लिहिलं, सर, पाण्यात पाय मारत जा. बूट दुरुस्त करणाऱ्याने विचारलं, टाच कुठल्या बाजूने झिजते, फोटो टाका. एका ट्रकवाल्याने आपल्या दोन्ही गुडघ्यांची हकिगत तीन भागांत लिहिली. कुणी विचारलं, नुसता वाजतो की दुखतोही? त्यावर दुसऱ्याने त्याला झापलं, की सरांच्या खासगी गोष्टीत किती शिरायचं याला काही मर्यादा आहे, आणि मग स्वतःच विचारलं, आवाज कट् असा येतो की कर् असा?

घरी सासूबाई फोन नाकाला लावून बसलेल्या.

"अगं, चढताना वाजतो म्हणे. उतरताना काय होतं ते कुणीच विचारलं नाही बघ. सगळे अर्धवट."

"आई, तुमची चाचणी संपली. आता नाही वाचलं तरी चालेल."

"आणि तेलाचं कोण सांगणार त्यांना?"

सर सभ्य माणूस. प्रत्येकाला उत्तर द्यायचे: 'आभारी आहे. करून बघतो.' आणि खरोखरच करून बघायचे. सकाळी पोहणारीचा व्यायाम, दुपारी बूटवाल्याने सांगितलेली फेल्टची पट्टी टाचेखाली, रात्री शिकाऊ आजीचं कोमट तेल. दर मंगळवारी मात्र ते कॅमेऱ्यासमोर बसून पहिला धडा शिकवायला सुरुवात करायचे, रिकाम्या वर्गात. एकदा ताईला राहवलं नाही. ती गुपचूप आत जाऊन बसली.

"एक विद्यार्थी आलेला दिसतो," सर म्हणाले. "स्वागत."

"सर, मी आहे. ताई."

"अस्सं." सर थांबले. "म्हणजे पुन्हा शून्य."

ताईचा पाय कार्यालयात जड पडायला लागला. पण साहेबांचे पाय जमिनीला लागत नव्हते. आलेखातली रेघ छताजवळ सुरू झाली होती आणि छतालगतच चालली होती. साहेबांनी खुर्ची फिरवून घेतली होती. आता ते आलेखाकडे तोंड करून बसायचे आणि समोरच्याला त्यांची पाठ दिसायची.

"गळती शून्य, ताई! एकानेही शिक्षण सोडलं नाही."

"साहेब, कुणी सुरूच केलेलं नाही."

"म्हणूनच सोडलं नाही!" साहेब म्हणाले. 

आठवड्याच्या आत परिपत्रक निघालं. प्रत्येक शिक्षकाने आपल्या ओळखीत एक दुखणं नमूद करावं. दुखणं खरं असावं, आणि सोप्या भाषेत असावं.

ताईच्या टेबलासमोर रांग लागली. कायद्याच्या मॅडमनी अर्धशिशी आधीच धरून ठेवली होती, त्यामुळे दुसऱ्या कुणाला ती मिळेना. तर्कशास्त्राच्या सरांनी लिहिलं, की मला वेदना होते हे मी तुम्हाला सिद्ध करून दाखवू शकत नाही. त्यावर विद्यार्थ्यांनी त्यांचं म्हणणं खोडायला रात्रीचा दिवस केला. इतिहासाच्या मॅडम मात्र रडकुंडीला आल्या.

"मला काही होतच नाही हो ताई. रोज टेकडी चढते. दातसुद्धा सगळे आहेत."

"बघा ना मॅडम, कुठे थोडंसं..."

"आईकडून आलेलं चालेल का? तिला संधिवात होता."

निकषराव म्हणाले, स्वतःचंच हवं. तीन दिवसांनी मॅडम कोपराला पट्टी बांधून आल्या. कसं लागलं ते विचारायचं धाडस ताईला झालं नाही. निकषरावांनी सगळी दुखणी एकेक करून वाचली आणि समासात बारीक अक्षरात शेरे मारले. पहिल्या वर्षाला कंबर म्हणजे फार जड होतं. ती पुढच्या वर्षाकडे न्यावी, आणि नवख्यांना मान किंवा मनगट द्यावं, असं त्यांचं मत पडलं.

आणि अशातच एके सकाळी सरांच्या बायकोचा फोन आला. आवाज घाबरा.

"ताई, हे मगाशी अचानक माझ्या मागे उभे! माझ्या हातातला कप पडला. जिना चढून वर, उतरून खाली, किती वेळा गेले, आवाज नाही!"

"म्हणजे बरा झाला?"

"पूर्ण बरा झाला हो," त्या म्हणाल्या, आणि हळूच विचारलं, "आता काय करायचं?"

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. निकषरावांना विचारलं तर ते म्हणाले, ओळखपानावरची माहिती अद्ययावत हवी, त्याला इलाज नाही. साहेबांनी सरांना बोलावून घेतलं आणि खुर्ची पुन्हा वळवली.

"सर, थोडे दिवस वाजू द्या ना. सत्र संपेपर्यंत."

"साहेब, तो गुडघा आहे. भोंगा नाही."

"मग बदल्यात दुसरं काही? खांदा?"

"खांदा ठणठणीत आहे," सर म्हणाले आणि उठले. उठताना काहीच वाजलं नाही. साहेबांनी डोळे मिटून घेतले.

त्या दुपारी सरांनी पानावर लिहिलं: 'माझा गुडघा आता वाजत नाही. सर्वांचे आभार. कृपया पहिल्या धड्याकडे वळावे.'

कुणी वळलं नाही. भांडण पेटलं. पोहणारी म्हणाली, शेवटी पाण्याचाच गुण. बूटवाला म्हणाला, पाण्याचं नाव नको, पट्टी लावल्यापासून फरक पडला आहे, तारखा बघा. ट्रकवाल्याने काहीच सुचवलं नव्हतं, तरी त्याचंही म्हणणं होतं की सरांना धीर त्याच्या हकिगतीने आला. आणि सासूबाईंनी घरात तेलाची बाटली समोर ठेवून, एका बोटाने, जवळजवळ तासभर खपून लिहिलं: 'तेल.'

सर वाचत होते. आपल्या विद्यार्थ्यांचे हे दावे वाचून त्यांच्या अंगाची लाहीलाही झाली. इतकी वर्षं शिकवून ज्यांचा आवाज चढला नव्हता, ते कळफलकावर बोटं आपटत लिहायला लागले: 'तुमच्यापैकी कुणाच्याही उपायाने बरा झाला, असं म्हणता येणार नाही! मी सगळं एकदम करत होतो! शिवाय तो आपोआपही बरा झाला असेल!'

 मग बूटवाल्याने विचारलं: 'मग कधी म्हणता येईल?'

सरांनी तो प्रश्न वाचला आणि बायकोला हाक मारून दाखवला. "बघ," ते म्हणाले. "बघ काय विचारलंय." हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. ते स्वतःच तो फळ्यावर लिहीत आणि स्वतःच उत्तर देत.

त्या रात्री ते लिहीत बसले. एका गुडघ्यावरून काही ठरत नाही. पुष्कळ गुडघे पाहिजेत. अर्ध्यांना तेल, अर्ध्यांना नाही. कुणाला कुठलं, ते आवडीवर सोडायचं नाही, चिठ्ठ्या टाकायच्या. का टाकायच्या? तेही लिहिलं. विद्यार्थ्यांनी शंका काढल्या, सरांनी उत्तरं दिली, आणि दोन गुडघ्यांचा एक माणूस धरायचा की दोन, यावर दोन दिवस खल झाला. लोकांनी आपापल्या घरातले, शेजारचे, सासरचे कुरकुरणारे गुडघे गोळा केले. पडद्यावर सगळ्यांच्या देखत चिठ्ठ्या पडल्या.

"मला तेल आलं नाही!" सासूबाई स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहिल्या.

"चिठ्ठी पडली ना आई."

"गुडघा माझा, तेल माझं, आणि चिठ्ठी कुणाची?"

"मग नाव काढून घ्या."

"काढते कशाला? लोक काय म्हणतील, म्हातारी पळाली." आणि त्या चार आठवडे कोरड्या गुडघ्यांनी हिंडल्या. रोज संध्याकाळी किती दुखलं त्याला दहापैकी गुण देत, आणि वर 'ट्रकवाला चोरून तेल लावतो, त्याच्या लिहिण्यावरून कळतं' असं ताईला सांगत.

निकाल आला तेव्हा दोन्ही बाजूंत म्हणण्यासारखा फरक नव्हता. सासूबाईंनी आकडे दोनदा खालून वर वाचले.

"नमुना लहान होता," त्या म्हणाल्या, आणि तेलाची बाटली घेऊन खोलीत गेल्या.

ताई जागच्या जागी उभी राहिली. हे वाक्य पाचव्या धड्यात होतं. तिने स्वतः ते पान लावलं होतं आणि त्या पानावर आजवर एकही माणूस पोचला नव्हता.

अर्धं सत्र झाल्यावर निकषराव पुन्हा आले. या वेळी त्यांनी चहाही घेतला नाही.

"ताई, मला सांगायला फार वाईट वाटतं," ते म्हणाले. "स्वागत विभागात शिकवणं आढळलं."

"हो. आढळणारच."

"एखाद-दुसरं असतं तर मी डोळेझाक केली असती. पण सलग पाच धडे निघाले. स्वागताचे गुण कापावे लागतील. धड्यांचा विभाग मात्र उत्तम आहे. तिथे एक चूक नाही."

"तिथे एक माणूसही नाही."

"त्यामुळेच तो इतका नीटनेटका राहिला असणार," निकषराव विचार करत म्हणाले.

साहेब दारात उभे राहून ऐकत होते. "ताई, सरांचं ते सगळं पुसून टाका," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. गुण गेले तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

ताई इतक्या वर्षांत साहेबांना कधी नाही म्हणाली नव्हती. आत्ताही म्हणाली नाही. ती उठली, आपल्या टेबलाशी गेली आणि कामाला लागली. गुडघ्याच्या पानांवरची 'स्वागत' ही पाटी तिने काढली आणि तिथे लिहिलं, 'धडे एक ते पाच'. जुने धडे उचलून शेवटी ठेवले आणि त्यांना नाव दिलं, 'अधिक वाचन'. एकही शब्द पुसला नाही. निकषराव तिच्या खुर्चीमागे उभे राहून बघत होते.

"पण मग स्वागत कुठे गेलं?" त्यांनी विचारलं.

ताईने वर एक कोरं पान घेतलं, त्यावर लिहिलं: 'या, बसा. सर आत आहेत.' आणि खाली एकच बटण ठेवलं.

निकषरावांनी पुस्तिका उघडली. पानं उलटली, परत मागे आले, बोट ठेवून काहीतरी शोधलं. गाद्यांच्या दुकानातून कुणीतरी गादी झोडपत होतं, त्याचा आवाज येत राहिला. शेवटी त्यांनी पुस्तिका मिटली.

"ऊब आहे," ते म्हणाले. "नाही कसं म्हणू?"

इतिहासाच्या मॅडमनी दुसऱ्याच दिवशी पट्टी सोडली.

मग खरोखरचं सत्र चाललं. मंगळवारी सरांच्या वर्गात माणसं यायला लागली, सहावा धडा झाला, सातवा झाला. बूटवाला नेहमी वेळेआधी येऊन बसायचा. आणि आता अभ्यास सुरू झालेला असल्यामुळे तो सोडणंही शक्य झालं. पहिला फोन एका बेकरीवाल्याचा आला. ताईनेच उचलला.

"मॅडम, मला निघायचंय. पण बटण सापडत नाही."

"निघायचं बटण आम्ही केलेलंच नाही हो."

"मग लोक जातात कसे?"

"जात नाहीत. नुसते यायचे बंद होतात."

"ते काही बरं दिसत नाही," बेकरीवाला म्हणाला. "सातव्या धड्यापर्यंत आलो मी. विषय चांगला आहे. सगळं समजलं, म्हणजे बरंचसं. पण माझं मन लागत नाही. पहाटे भट्टी, रात्री हे, आणि मध्ये मुलगी म्हणते बाबा तुम्ही बोलतच नाही. तेव्हा म्हटलं, सांगून जावं."

ताईने त्याचं नाव स्वतः शोधून काढलं. कारणाच्या रकान्यात निवडायला तीनच कारणं दिली होती, आजारपण, बदली आणि इतर. तिने 'इतर' निवडलं. फोन ठेवताना तो म्हणाला, "सरांना माझा नमस्कार सांगा."

तिने लगेच सरांना फोन लावून सांगितलं. आता सरांना वाईट वाटेल, म्हणून चार समजुतीचे शब्दही जुळवून ठेवले होते. त्यांची गरज पडली नाही.

"सातव्यापर्यंत आला होता?" सरांनी विचारलं. "आणि सांगून गेला?"

"हो. नमस्कार सांगितलाय."



"त्यांचा नंबर द्या मला," सर म्हणाले. "आजवर मला कुणी सांगून गेलं नव्हतं."

ताईने नंबर दिला. तासाभराने एका कामासाठी तिने सरांना पुन्हा फोन लावला, तर तो लागेना. पलीकडे दुसरं बोलणं चालू होतं. तिने दोनदा प्रयत्न केला, मग ते काम उद्यावर टाकलं आणि पर्स उचलून घरी निघाली.